बक्कल नंबर चारशे सतरा

आमच्या टॉवरचा सेक्रेटरी केतन गेल्या महिन्याभरात तीनदा माझ्याकडे येऊन गेला. त्याला माझी काठी हवी आहे. मी चालताना घेते ती नव्हे. ती ॲल्युमिनियमची आहे आणि तिच्यात कुणाला रस नाही. त्याला हवी आहे ती माझ्या आजोबांची, खांद्यापर्यंत येणारी, तेल पिऊन काळी झालेली, बुडाला पितळी कडं असलेली काठी. जिथे आमची चाळ होती तिथेच हा टॉवर उभा आहे, आणि त्याच्या लॉबीत, लिफ्टच्या समोरच्या भिंतीवर, जुन्या लालबागच्या आठवणींचा एक कोपरा करायचं सोसायटीने ठरवलं आहे. काचेच्या पेटीत काठी, शेजारी आजोबांचा गणवेशातला फोटो आणि खाली पाटी. पाटीचा मजकूर त्याने मोबाइलवर दाखवला. 'दुसऱ्या महायुद्धातील शूर सैनिकाची काठी.' मी म्हटलं, "केतन, ही काठी महायुद्धात गेलीच नाही. ही नंतरची आहे, पोलिसातली. हिने जर्मन-जपानी नाही, इथलीच माणसं बडवली आहेत. हे लिहिणार असशील तर आत्ता घेऊन जा." तो बिचारा हसला. "काकू, तुमचं बरोबर असेल, पण लॉबीत लावायचंय ना. थोडं निगेटिव्ह वाटतं." वय झालं की राग निवतो, असं माझ्या बरोबरीच्या बायका सांगतात. माझा निवला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आजोबांना आम्ही तात्या म्हणायचो आणि अख्खी चाळ सुभेदार म्हणायची. सुभेदार ते कधीच नव्हते. पलटणीत नाईकापर्यंत चढले होते. पुढच्या सगळ्या बढत्या त्यांना चाळीने दिल्या. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून आमची दीड खोली. तात्या पहाटे उठून गॅलरीत उभ्यानेच कवायत करायचे आणि स्वतःलाच हुकूम द्यायचे, "लेफ राय, लेफ राय." त्या आवाजावर नळाची रांग लागायची. मग पितळी मगातून चहा, बरोबर नाचणीची कालची भाकरी आणि चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. त्या बांगड्याचा मधला तुकडा, काटा काढून, ते माझ्या ताटलीत टाकायचे. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण नंतर मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल की म्हातारा दुष्ट होता. दुष्ट नव्हता. शाळेत जायच्या आधी माझ्या बुटांना पॉलिश कसं करायचं, थुंकी किती लावायची, फडकं कसं ओढायचं हे त्यांनीच शिकवलं. संध्याकाळी चाळीतली पोरं चौकात गोळा करून त्यांना रांगेत उभं करायचे. आणि गोष्टी सांगायचे, वाळवंटातल्या, तोफांच्या, गोऱ्या साहेबाला उलट उत्तर दिल्याच्या. सगळ्या गोष्टींचा शेवट एकच. "झेंडो बदललो तेव्हाच माझ्या आंगावरचो खाकी उतारलो." म्हणजे स्वातंत्र्य मिळेपर्यंत ते पलटणीत होते आणि मिळाल्यावर घरी आले. पुढे ते एका गिरणीच्या दारावर दरवान म्हणून लागले.

ती काठी एरवी पोटमाळ्यावर गोणपाटात असायची. खाली यायची ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला. गिरणगावात त्या दिवशी घरोघरी पाटावर हत्यारं मांडायचे. हत्यारं कसली, पोटापाण्याची साधनं. कुणाचा मागावरचा धोटा, कुणाची कातर, शेजारच्या न्हाव्याचा वस्तरा, आमच्या बाबांचे फिटरचे दोन पाने, माझं पेन, आईची विळी. सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून तात्यांची काठी. तिचं पितळी कडं आई चिंचेने घासायची आणि त्यावर खिळ्याने ठोकलेला आकडा लखलखायला लागायचा. चारशे सतरा. हा तात्यांचा पलटणीतला नंबर, असं आम्हांला सांगितलेलं होतं आणि त्याचा आम्हांला केवढा अभिमान. चाळीतल्या पोरांनी बॅटींवर तो कोरला होता. माझ्या दहावीच्या कंपासपेटीच्या झाकणावर आतून मी तो काढला होता. नवमीला काठीला हळद-कुंकू, झेंडूची माळ, मग सगळ्यांनी नमस्कार करायचा. शेवटचा नमस्कार तात्यांचा. ते सरळ उभे राहून आधी सॅल्यूट ठोकायचे आणि मग वाकायचे.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, काळाचौकीहून माझ्या आईचे वडील सोनं द्यायला यायचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा साचे खात्यातले, म्हणजे मागावर कापड विणणारे, आणि फार कमी बोलणारे. त्यांचा डावा गुडघा वाकायचा नाही. साच्याचा पट्टा तुटून गुडघ्यावर बसला, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. सगळे पाटावर जेवायला बसायचे तेव्हा दादांना स्टूल द्यावं लागायचं, आणि ताट ठेवायला तात्यांची काळी लष्करी ट्रंक पुढे ओढली जायची. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, तांदळाची खीर. दादा तो लांब केलेला पाय तसाच समोर ठेवून जेवायचे, आणि त्यांच्या बरोबर समोर, भिंतीला, आदल्या दिवशी पुजलेली काठी असायची. दसऱ्याचं विसर्जन होईपर्यंत ती हलवायची नाही असा आमच्या घरातला नियम होता. नियम कुणी केला होता हे मी तेव्हा कधी विचारलं नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा चाळीच्या मंडळाच्या डोक्यात आलं की चौकाला सुभेदारांचं नाव द्यायचं. मंडळाचा सेक्रेटरी बाळा परब हा उत्साही प्राणी होता. तो मला जिन्यात गाठून म्हणाला, "विजू, तू शिकलेली ना? मग तात्यांचा परिचय तू लिही, आणि दसऱ्याला स्टेजवर तूच वाच. पण हवेत नको हां, प्रॉपर माहिती पायजे. कुठली लढाई, किती साल, सगळं." मला तर हवंच होतं. तात्यांना विचारलं तर वाळवंट आणि तोफा यापलीकडे गाडी जाईना. म्हणून मी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला इंग्रजीत पत्र लिहिलं, तात्यांची सही घेऊन. दीड महिन्याने टाइप केलेलं अर्ध्या पानाचं उत्तर आलं. भरतीची तारीख, नाईक हुद्दा, वर्तन चांगलं, आणि सेवामुक्तीची तारीख. ती तारीख युद्ध संपल्यानंतर जेमतेम तीन महिन्यांची होती. झेंडा बदलायला तेव्हा पावणेदोन वर्षं बाकी होती. आणि खाली नंबर होता, लांबलचक, पाच आकडी. त्यात चार, एक, सात कुठेच नव्हते.

आधी मला वाटलं, ऑफिसचीच चूक. तात्यांना विचारलं, मधली दोन वर्षं कुठे होतात? ते म्हणाले, "गावाक होतंय. थंडीतापान धरलेला." बाबांना विचारलं, तर ते पेपरमधून डोकं न काढता सहज बोलून गेले, "गावी कुठे गं? मुंबईतच होते. आम्ही गावाहून पत्रं टाकायचो, पत्ता नायगावच्या लायनीतला." आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पेपर खाली आला. गिरणगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, नायगावच्या लायनीत कोण राहतं ते. पोलीस. मी बाबांकडे बघत राहिले, तर ते म्हणाले, "जुनं झालं. त्यात काय लिहायचं?" माझे बाबा आयुष्यात कुणाशी मोठ्याने बोलले नाहीत. त्यांना सगळे देवमाणूस म्हणायचे. मूग गिळून बसणाऱ्याला देवमाणूस म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे.

कॉलेजमधल्या एका मैत्रिणीचे मामा पोलिसांच्या एका जुन्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या ओळखीने मी तिथे दोन दुपारी बसले. तिसऱ्या रजिस्टरात तात्या सापडले. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, पूर्वी लष्करात. बक्कल नंबर चारशे सतरा. नेमणूक लालबाग-काळाचौकी, हत्यारी तुकडी. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने दोनदा शाबासकी, गिरणीच्या दारातला जमाव पांगवल्याबद्दल. मैत्रिणीचे मामा माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाले, "वा, दोन शाबासक्या. लकी आहेस, असे आजोबा मिळाले." मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. झेंड्याच्या आधीची ती वर्षं काय होती हे मी शाळेत शिकले होते, आणि त्याहून जास्त चाळीत ऐकलं होतं. संप, मोर्चे, लाठ्या, गोळ्या, पळापळ. आमच्याच जिन्यावर रक्त सांडलं होतं असं पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सांगायच्या. म्हणजे लष्करातून सुटून आलेला हा गडी गोऱ्यांच्याच हुकमावर, याच रस्त्यांवर, याच गिरण्यांच्या दारात उभा होता, आणि नंतर याच चाळीत खोली घेऊन सुभेदार झाला. कुणी ओळखलं नसेल? ओळखलं असणारच. ओळखणारे गप्प बसले आणि न ओळखणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना परळच्या पुलावर मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. रात्रभर धुमसून मी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई मोरीत उकिडवी बसून काठीचं कडं चिंचेने घासत होती. मी वही तिच्यासमोर धरली. म्हटलं, "आई, टाक ती. ही लष्करातली नाही. हा पोलिसाचा बक्कल नंबर आहे." ती घासायची थांबली नाही. म्हणाली, "माका म्हायत आसा." कधीपासून, असं मी विचारलं. तिने कड्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. "तू पोटात होतंस तेव्हापासून." आणि मग, पदराने हात पुसत, खालच्या आवाजात, जणू गावाकडची कुणाची तरी हकिकत सांगावी तसं तिने जे सांगितलं ते असं. ती आठ वर्षांची असताना संपाच्या दिवसांत दादांना गिरणीच्या दारात पोलिसाने मारलं. एक फटका पाठीवर, एक गुडघ्यावर. दादा पडले. मारणाऱ्याचं तोंड दिसलं नाही. काठी तेवढी त्यांच्या डोळ्यांसमोर फरशीवर टेकलेली होती आणि तिच्या कड्यावर आकडा होता. चार, एक, सात. तो आकडा दादांनी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगितला, साचे खात्यात, चहाच्या हॉटेलात, घरी. आई आणि तिची भावंडं तो आकडा ऐकत मोठी झाली. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. स्थळ गावच्या ओळखीचं, मुलगा निर्व्यसनी, सासरा लष्करातला. सासरी पहिली खंडेनवमी आली. सासूने काळं पडलेलं कडं तिच्या हातात दिलं, घासून आण म्हणून. तिने घासलं आणि आकडा वर आला.

त्या दिवाळीला माहेरी गेल्यावर तिने दादांना सांगितलं. दादांनी एक विडी पुरी ओढली. मग म्हणाले, "आजपासून माझो गुडघो साच्यान मोडलो." एवढंच. त्या दिवसानंतर त्यांनी तो आकडा पुन्हा कधी उच्चारला नाही. ज्यांना ठाऊक होता त्यांनाही गप्प केलं. लेकीच्या सासरी बोट दाखवायची वेळ येऊ नये म्हणून त्या माणसाने स्वतःच्या मोडक्या गुडघ्यावरचा हक्क सोडून दिला आणि एका यंत्राच्या नावावर केला. आणि पुढच्या दसऱ्यापासून दरवर्षी सोनं द्यायला येऊ लागला, त्याच काठीसमोर स्टुलावर बसून खीर खाऊ लागला. हे ऐकल्यावर मी रडले असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. मी रडले नाही. मी आईला म्हटलं, "आणि तू दरवर्षी तिला हळद-कुंकू लावतेस? तुला लाज नाही वाटत?" पन्नास वर्षं झाली त्याला. माझ्या आयुष्यात मी जी वाक्यं परत घेतली असती त्यांत हे पहिलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. काठी उचलली, कड्यावरचं पाणी टिपलं आणि म्हणाली, "दादांच्या गुडघ्याचा काय्येक बोलू नको. तेवढा माझा ऐक."

दुपारी तात्या गॅलरीत एकटे बसले होते, सुपारी कातरत. मी जाऊन समोर उभी राहिले आणि वही वाचून दाखवली. त्यांचा अडकित्ता चालूच राहिला. मला वाटलं होतं चिडतील, नाकारतील, निदान मान खाली घालतील. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "हुकूम होतो," म्हणाले. मी विचारलं, किती माणसांना मारलंत? ते खरंच आठवून बघत असल्यासारखे चौकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मोजलंय नाय." मग थोड्या वेळाने, मला समजावल्यासारखं, "उद्या वाचतलस तेव्हा पोलिसाचा घालू नको हां, बाय. लोकांका आवडणा नाय." मला राग आला तो याचा. लाज वाटून त्यांनी ते लपवलं असतं तर मी कदाचित विरघळले असते. पण त्यांना लाज नव्हती, अडचण होती. ज्या माणसाने माझ्यासाठी बांगड्याचा काटा काढला त्याला आपण कुणाचं काय मोडलं हे मोजावंसंही वाटलं नव्हतं. आणि त्यातल्या एकाच्या मुलीच्या हातचं ते रोज जेवत होते, हे त्यांना माहीतही नव्हतं.

दसऱ्याची संध्याकाळ. चौकात मांडव, झेंडूची तोरणं, स्टेजवर चार खुर्च्या. एकीवर पाहुणे म्हणून आलेले कुणी नेते, एकीवर तात्या, छातीवर पदकं लावून, आणि बाळा परबच्या आग्रहावरून तिसरीवर व्याही म्हणून दादा, पाय पुढे लांब केलेला. भिंतीवरच्या नव्या पाटीवर टॉवेल टाकलेला. आई बायकांमध्ये मागे उभी होती. मी माइकसमोर गेले तेव्हा माझ्या हातात दोन कागद होते, एक चांगला आणि एक खरा. मी खरा वाचला. भरतीची तारीख, नाईक हुद्दा, सेवामुक्तीची तारीख. "युद्ध संपल्यावर ते पोलिसात भरती झाले," मी वाचलं. "बक्कल नंबर चारशे सतरा. नेमणूक लालबाग-काळाचौकी. गिरणीच्या दारातला जमाव पांगवल्याबद्दल सरकारने त्यांना दोनदा शाबासकी दिली. तेव्हाचं सरकार इंग्रजांचं होतं." गुडघ्याचं मी काही बोलले नाही. आईचं तेवढं ऐकलं. वाचून झाल्यावर मी थांबले. मला वाटलं होतं, आता कुणीतरी उठेल, कुणीतरी ओरडेल, पाटीवरचा टॉवेल कुणीच काढणार नाही.

तसं काही झालं नाही. मग बाळा परबने माइकजवळ येऊन टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्या चौकाने त्या उचलल्या. लष्करही आणि पोलीसही, डबल देशसेवा, असं काहीतरी तो म्हणाला. पोरांना त्या सगळ्यातून आकडा तेवढा ओळखीचा वाटला, त्यांच्या बॅटींवरचा. ती तालावर ओरडायला लागली, चारशे सतरा, चारशे सतरा. बाप-आजे गिरणीत गेलेल्या घरांतली पोरं. मी खरं बोलले होते आणि माझ्या खऱ्याला हार घातला गेला होता. मला त्या चौकात कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटत होतं आणि कुणाच्या ते कळत नव्हतं. टाळ्या न वाजवणारी तिघंच होती. मागे आई. स्टेजवर दादा, त्यांचा हात आपोआप डाव्या गुडघ्यावर गेलेला. आणि तात्या, जे पोरांकडे बघत हसत होते ते अचानक त्या हाताकडे बघायला लागले. वीस वर्षं तो लांब पाय त्यांच्या ट्रंकेसमोर जेवत होता. तो त्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितला. दादा खुर्चीचा हात धरून उठले, खिशातून आपट्याची पानं काढली आणि रीतीप्रमाणे पुढे धरली. "सोना घेवा," ते म्हणाले. तात्यांनी हात पुढे केला, पण पानं हातात राहिली नाहीत, खाली पडली. दादांना वाकता येत नव्हतं. त्यामुळे ती तात्यांनाच वाकून उचलावी लागली. दादा तिथेच उभे राहिले, शेवटचं पान उचलून होईपर्यंत.

त्यानंतर घरात याविषयी कुणी एक शब्द बोललं नाही. पाटी लागली ती लागलीच. तात्यांनी मात्र पोरांना रांगेत उभं करणं सोडलं, आणि पहाटेचं लेफ राय हळूहळू बंद पडलं. बांगड्याचा मधला तुकडा माझ्या ताटलीत येत राहिला. मी तो बाजूला सारायची आणि ते काही म्हणायचे नाहीत. आता कधी कधी वाटतं की खायला हवा होता. मग पुन्हा वाटतं, नको, बरं केलं. पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी आई पोटमाळ्याला शिडी लावत होती तेव्हा तात्या खाटेवरून म्हणाले, "सूनबाय, ती काठी ऱ्हांव दे. यंदा नको." बाबा लगेच म्हणाले, हो हो, राहू दे, कशाला ती. माझ्या आईने त्या घरात वीस वर्षांत सासऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती. तिथूनच, मान वळवून, अगदी स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "काठी काढतलंय, तात्यांनू. नंबर दिसाक व्हयो."

मग तिने काठी खाली आणली, मोरीत बसली आणि घासायला लागली. मी चौकटीत उभी होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ही बाई वीस वर्षं पूजा करत नव्हती. पितळ काळं पडू देत नव्हती. दादांनी तोंड मिटलं होतं, तर तिने आकडा उघडा ठेवला होता, आणि वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांना, सासऱ्यासकट, त्याच्यापुढे वाकायला लावलं होतं. विसर्जन होईपर्यंत काठी हलवायची नाही हा नियमही तिचाच, हे मला त्याच दिवशी बाबांकडून कळलं. त्या नवमीला तात्यांनी सॅल्यूट केला नाही. ते नुसते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. दुसऱ्या दिवशी दादा आले. स्टूल होतं तिथेच ठेवलं, पण ट्रंक ओढायला मी पुढे झाले तर तात्या माझ्या आधी उठले होते. त्यांनी स्वतः ती ओढून दादांच्या पुढ्यात आणली. याला माफी म्हणतात की नाही मला माहीत नाही. मला ती पुरली नाही. दादांना पुरली का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी खीर मागून घेतली एवढं आठवतं.

आता त्या खोलीतलं मी सोडून कुणी उरलं नाही. गेल्या वर्षी मी पुन्हा त्या रजिस्टराच्या शोधात गेले होते, नव्या कचेरीत, लिफ्टने. काउंटरवरच्या मुलीने फार गोड बोलून सांगितलं, "मॅडम, इतकं जुनं ठेवत नाही आम्ही." माझ्या वहीचं ते पान पिवळं पडलं आहे, आणि माझ्या हस्ताक्षरावर जगाने विश्वास का ठेवावा? म्हणजे आता पुरावा उरला आहे तो त्या कड्यावर. केतन काल परत येऊन गेला. मी त्याला पाटीचा मजकूर एका कागदावर लिहून दिला. 'बक्कल नंबर चारशे सतराची लाठी. हिने गिरणीच्या दारात एका साचेवाल्याचा गुडघा मोडला. त्याची मुलगी ही लाठी दरवर्षी घासत असे.' हे लावणार असशील तर ने, नाहीतर काठी मिळणार नाही, असं सांगितलं. त्याने कागद खिशात ठेवला आणि कमिटीत विषय ठेवतो म्हणाला. कमिटी काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. उद्या खंडेनवमी. मी चिंच भिजत घातली आहे.